दीड बोट

“चेन दीड बोट सैल ठेवायची म्हणजे कुणाचं बोट, बुवा?”

बुवांनी मान वर केली नाही. मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. शेंग फुटायची, टरफल डावीकडं पडायचं, दाणे उजवीकडं.

“ज्याची गाडी, त्याचं.”

“गाडी मठाची आहे.”

“मग मठाचं.”

“मठाला बोट असतं का?”

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला...

नऊ वर्षांत विश्वंभर एवढं शिकला होता, की बुवा दाणा चावत असले की दुसरा प्रश्न विचारायचा नसतो. पण आज त्याला दम निघेना.

“इराण्णानं चेन किती सैल ठेवलीय, बघितलंत का तुम्ही?”

“मला काय विचारतोस? चेनला विचार.”

विश्वंभर उठला. त्याला हवं ते मिळालं होतं. बुवांनी ‘हात लावू नकोस’ असं म्हटलं नव्हतं.

मठ म्हणजे माळावरच्या तीन खोल्या, एक ओटा आणि एका मोटारसायकलपुरती पत्र्याची शेड. बुवा इथं येण्याआधी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. अंगावर भगवं त्यांनी कधी चढवलं नाही, कुणाच्या कानात मंत्र सांगितला नाही. कुणी मोठा प्रश्न घेऊन आला, की त्याच्या हातात फडकं द्यायचे. “आधी गाडी पूस, मग बोलू.” निम्मे लोक गाडी पुसून झाल्यावर प्रश्न न विचारताच घरी जायचे.

विश्वंभर मात्र राहिला. तालुक्याच्या शाळेत तो गणित शिकवायचा. बायको गेली, मुलगी सासरी रमली, तेव्हा नोकरीची वर्षं बाकी असतानाच ती सोडून तो इथं आला. पहिल्याच महिन्यात गाडी त्याच्या हाती आली.

गुरुवारी बुवा बाहेर पडत. कुठं कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुठं दोन भावांचं बोलणं बंद पडलेलं. बुवा जाऊन तासभर नुसते बसायचे. गाडी कुणी चालवायची हे ते तोंडानं कधी सांगत नसत. खुंटीवरची किल्ली काढायची आणि एकाच्या तळहातावर ठेवायची, एवढंच. ज्याच्या हातावर किल्ली तो पुढं, बुवा मागं.

नऊ वर्षं तो तळहात विश्वंभरचा होता.

दिवाळीनंतर इराण्णा आला. जतकडचा, पंचेचाळिशीचा, अर्धं आयुष्य यंत्रमागावर गेलेला. माग बंद पडले तसा हिंडत हिंडत इकडं आला, गाडी पुसली आणि राहिला. बोलणं बेताचं. विश्वंभरला तो पहिल्या दिवसापासून ‘गुरुजी’ म्हणायचा, आणि विश्वंभरला ते आवडायचंही.

मग एका गुरुवारी किल्ली इराण्णाच्या हातावर पडली.

विश्वंभरला वाटलं, बुवांची नजर चुकली. दुसऱ्या गुरुवारी तो मुद्दाम उजेडात उभा राहिला. तिसऱ्या गुरुवारी धुतलेला सदरा घालून खुंटीच्या अगदी खाली उभा राहिला. बुवांनी त्याच्या डोक्यावरून हात घालून किल्ली काढली आणि ते बाहेर गेले.

चौथ्या गुरुवारी तो फाटकापाशी थांबला आणि उतारावरून जाणाऱ्या गाडीकडं बघत राहिला. बुवांचा उजवा हात इराण्णाच्या खांद्यावर होता.

नऊ वर्षांत तो हात विश्वंभरच्या खांद्यावर एकदाही आला नव्हता.

त्या दिवसापासून त्याचं सगळं लक्ष इराण्णावर खिळलं. इराण्णानं विहिरीचं पाणी शेंदलं, की पहिला तांब्या कुणाकडं जातो ते तो बघू लागला. बुवा इराण्णाशी काय बोलतात ते कान देऊन ऐकू लागला, आणि ते फक्त ‘मीठ दे रे’ असलं तरी त्याला ते मीठ झोंबायचं. इराण्णाच्या चपला बुवांच्या चपलांना लागून असत. विश्वंभरनं एकदा त्या पायानं लांब सरकवल्या. मग स्वतःचीच लाज वाटली, म्हणून परत आणल्या. पण अर्ध्यावरच आणून ठेवल्या.

त्यात कालचा बुधवार.

दळण घेऊन येताना गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. इराण्णानं गाडी ढकलत आणली, चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं आणि तिन्हीसांजेला चाक परत चढवायला घेतलं. विश्वंभर आत पोथी वाचत होता. बाहेर हसण्याचा आवाज आला म्हणून त्यानं दारातून डोकावलं.

गाडी भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या सीटवर ज्वारीची गोणी. मागच्या सीटवर बुवा. गोणीच्या कमरेला हात घालून ते जत्रेला निघाल्यासारखे बसले होते, आणि खाली चेनपाशी वाकलेला इराण्णा हसत होता. बुवाही हसत होते.

विश्वंभरनं पोथी मिटली. त्याच्या मनात आलं, माझ्या जागेवर आता गोणीसुद्धा चालते.

मग बुवा उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “बरं जमलं.”

दोन शब्द. इराण्णानं त्यावर नुसतं ‘हां’ केलं आणि तो पाना पुसू लागला, जणू असे शब्द त्याला रोज मिळतात.

नऊ वर्षांत विश्वंभरनं मागचं चाक किती वेळा काढलं आणि चढवलं असेल, त्याला मोजदाद नव्हती. दोन चेनी त्यानं बदलल्या होत्या. दर वेळी काम संपलं, की तो हात पुसत बुवांकडं बघायचा. बुवा म्हणायचे, “चला.”

म्हणून आज उजाडताच तो शेडमध्ये आला होता. गाडी डबल स्टँडवर घेतली, चाक अधांतरी झालं, आणि खालच्या बाजूच्या चेनला त्यानं मधोमध बोट लावलं.

चेन लोंबत होती. वरखाली सहज अडीच बोटं.

त्याला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. पण उन्हातून आलेल्याला माठ दिसावा, तसं काहीतरी वाटलं. सापडलं. बुवांनी ज्याला ‘बरं जमलं’ म्हटलं, ते जमलेलं नव्हतंच.

तेवढ्यासाठी तो ओट्यावर जाऊन बुवांना विचारून आला होता. आता परत येऊन त्यानं हत्यारांची पेटी उघडली.

एक्सलचा मोठा नट दोन आटे सैल केला. चेन ताणायला मागं दोन बोल्ट असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही सारखेच फिरवावे लागतात, नाहीतर चाक तिरकं बसतं. विश्वंभरनं पाव पाव फेरा दिला, आधी डावा, मग उजवा, आणि दोन्हीकडच्या खुणा एक डोळा मिटून जुळवल्या. शाळेतली लाकडी फूटपट्टी आणून चेनला लावली. सव्वीस मिलिमीटर. दीड बोट, कुणाचंही धरा. नट आवळला, पुन्हा मोजलं. चाक मागं सरकल्यानं ब्रेकची सळई ओढली गेली होती, ती बेतानं सैल केली आणि चाकाला गिरकी दिली.

आवाज नाही. चेन फळ्यावर आखलेल्या रेघेसारखी.

साळूबाई कळशी घेऊन चालली होती. मठात स्वयंपाक तिचा, आणि सगळ्यांची कानउघाडणीही तिचीच.

“काय गुरुजी, सकाळच्या पारी गाडीला मिठी मारून बसलाय?”

“चेन सैल होती.”

“काल इराण्णानं बशिवली की.”

“म्हणूनच सैल होती.”

साळूबाई थांबली. कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

“एक सांगू का? रागवायचं न्हाई. आमच्या थोरल्या जावंनं अशीच एकदा धाकटीनं सारवलेली चूल पुन्यांदा सारवली हुती. धाकटीचा हात वाईट म्हणून.”

“मग?”

“मग काय. चूल लई ग्वाड दिसली. पर वल्ल्या चुलीवर भाकरी हुतीय व्हय? समद्यांनी शिळं खाल्लं.”

“गाडी म्हणजे चूल नाही, साळूबाई.”

“न्हाई की. पर तुमी सवत आल्यावानी करताय.”

ती हसत आत गेली. विश्वंभरचे कान तापले. त्यानं उगाच एक आवळलेला नट पुन्हा आवळला.

इराण्णा अंघोळ करून आला. ओला पंचा दोरीवर टाकता टाकता त्याची नजर चेनवर गेली. तो जवळ आला, उकिडवा बसला, पण हात लावला नाही.

“गुरुजी, चेन ताणली काय ओ तुम्ही?”

“तू सैल ठेवली होतीस.”

“हां. सैल दिसती.”

“दिसत नव्हती. होती. अडीच बोटं.”

“स्टँडवर अडीचच येती ओ. काल आम्ही...”

“इराण्णा.” विश्वंभर उभा राहिला. “ही गाडी मी नऊ वर्षं बघतोय. तू किती महिने?”

इराण्णानं मान हलवली.

“बरं, गुरुजी.”

तो भांडला असता तर फार बरं झालं असतं. विश्वंभरकडं शंभर वाक्यं तयार होती. त्या एका ‘बरं’पुढं ती सगळी तोंडातच राहिली, न चावलेल्या घासासारखी.

ऊन शेडच्या पत्र्यावर चढलं तेव्हा बुवा आले. आज वाघदरीला जायचं होतं. तिथली भागाबाई दोन महिने अंथरुणावर होती, मुलगा परमुलखात. तिच्याकडं ज्वारीची गोणी पोचवायची आणि तासभर बसायचं. वाघदरी म्हणजे चार कोसांची वाट, आणि त्यातला शेवटचा कोस नुसता चढ.

बुवांच्या हातात किल्ली होती.

विश्वंभरनं फडक्यानं हात पुसले आणि उजवा तळहात पुढं केला. इतक्या वर्षांत त्यानं हात असा कधी पुढं केला नव्हता. किल्ली आपोआप येऊन पडायची.

बुवांनी त्या तळहाताकडं बघितलं... आणि किल्ली खिशात घातली.

“चेन बघितलीस?”

“बघितली बुवा. सैल होती, नीट केली. सव्वीस मिलिमीटर. दीड बोट.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? चेनच्या मधोमध.”

“आणि चाक फिरवून?”

“फिरवलं. अजिबात आवाज नाही.”

“कानानं नको. बोटानं.”

विश्वंभर खाली बसला. त्यानं चेनला बोट लावलं आणि दुसऱ्या हातानं चाक हळूहळू फिरवलं. दीड बोट... दीड बोट... आणि मग एका जागी चेन बोटाखाली एकदम कडक झाली. जेमतेम अर्धं बोट. चाक आणखी फिरवलं, परत सैल.

त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा तशीच एक जागा आली.

“जुनी चेन आहे,” बुवा म्हणाले. “सगळी सारखी ताणलेली नसते. तू मोजलीस तिथं ती सैल होती.”

विश्वंभरनं चाक फिरवून ती कडक जागा परत बोटाखाली आणली.

“जिथं सगळ्यात कडक, तिथं मोजायचं.”

फूटपट्टीनं विश्वंभरला एवढं सांगितलं नव्हतं. पण तो गणिताचा मास्तर होता, एका चुकीवर वही मिटणारा नव्हता.

“ठीक आहे. अर्धा फेरा सैल करतो. पण इराण्णानं ठेवली होती तेवढी सैल लागणारच नाही.”

 बुवांनी इराण्णाला नुसती खूण केली. इराण्णानं गाडी डबल स्टँडवरून खाली घेतली, आणि चेनची कडक जागा येईल इतपत ती पुढंमागं केली.

“बस,” बुवा त्याला म्हणाले.

इराण्णा पुढं बसला. बुवा धोतर सावरून मागं बसले.

“विश्वंभर, बोट लाव.”

तो जमिनीवर गुडघे टेकून बसला. डोक्याच्या बरोबर वर बुवांचा हात इराण्णाच्या खांद्यावर होता. त्याला वर बघायचं नव्हतं, म्हणून तो चेनकडं बघत राहिला. बुवांनी दोन्ही पाय उचलून पायटावर ठेवले.

आणि बोटाखाली चेन आखडली. कुणी अंगावर हात टाकल्यावर जनावरानं अंग आखडून घ्यावं, तशी. सीटवर पुरतं वजन आलं, मागचे शॉक दबले, आणि चेन तारेसारखी ताठ झाली.

“हलती का?”

विश्वंभरनं बोटानं चेन पुन्हा दाबून बघितली.

“विश्वंभर.”

“नाही हलत.”

“अजून गोणी घ्यायची आहे. मग चढ.”

विश्वंभरच्या डोळ्यांपुढं तो चढ आला. उजवीकडं दरड, डावीकडं खोल ओढा. भर चढावर चेन तुटून चाकात अडकली की काय होतं, ते त्यानं एकदा रस्त्याच्या कडेला पाहिलं होतं. आज ती तुटली असती तेव्हा मागच्या सीटवर कोण असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

काल गोणीला मिठी मारून बसलेले बुवा त्याला पुन्हा दिसले. जत्रेला निघाले नव्हते ते. इराण्णा खाली वाकलेला, म्हणून त्याच्या वजनाची गोणी पुढं ठेवलेली. दोघं वजन देऊन चेन बघत होते. आपण दारात उभं राहून सगळं बघितलं, आणि फक्त हसणं तेवढं दिसलं.

“बुवा,” तो जमिनीकडं बघत म्हणाला, “चेन मी चेनसाठी नाही ताणली.”

“माहीत आहे.”

“इराण्णा चुकलेला हवा होता मला.”

“तेही माहीत आहे.”

इराण्णा अवघडून उतरू लागला. बुवांनी त्याचा खांदा दाबला.

“बस रे तू. हललास तर दोघंही पडू.”

विश्वंभर उठला नाही. आता एवढं बोललोच आहे, तर सगळंच बोलून टाकावं असं त्याला वाटलं.

“काल तुम्ही त्याला म्हणालात, बरं जमलं.”

“जमलं होतं.”

“नऊ वर्षांत मला एकदाही म्हणाला नाहीत.”

बुवांनी गाडीवर बसल्या बसल्या मानेमागं खाजवलं...

“नऊ वर्षं मी तुझ्यामागं कसा बसायचो?”

“मला काय दिसणार? माझी पाठ तुमच्याकडं.”

“डोळे मिटून बसायचो.”

विश्वंभरनं मान वर केली.

“आणि याच्यामागं?”

“उघडे ठेवावे लागतात. खड्डा बघून चालवत नाही हा.”

“खड्डा दिसतो ओ, बुवा,” इराण्णा पुढं बघत म्हणाला. “दिसूपर्यंत आलेला असतो, एवढंच.”

“आणि खांद्यावरचा हात?” विश्वंभरच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर त्याला कळलं, की गेल्या गुरुवारपासून रोज रात्री तो हाच प्रश्न गिळून झोपत होता.

“पडेन म्हणून धरतो,” बुवा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात साळूबाईनं तोंडाला पदर लावला.

विश्वंभरलाही हसू आलं, पण पुरतं आलं नाही. एक गाठ सुटली होती, आणि तिच्याखालची दुसरी हाताला लागली होती. डोळे मिटून बसायला जागा होती, तर ती सोडून बुवा डोळे उघडे ठेवून का हिंडत होते?

“मग किल्ली त्याला का?”

“आधी चेन कर.”

तो कामाला लागला. गाडी परत स्टँडवर. नट सैल, दोन्ही बोल्ट पाव पाव फेरा मागं, चाक हातानं पुढं ढकललं, नट आवळला. मग गाडी खाली. इराण्णा पुढं, गोणी मधे, बुवा मागं. कडक जागेवर बोट. नाही. पुन्हा स्टँडवर, पुन्हा पाव फेरा. दर वेळी बुवा उतरायचे आणि दर वेळी तक्रार न करता चढायचे. तिसऱ्या वेळी तिघांचं वजन अंगावर घेऊनही चेन बोटाखाली एवढीशी हलली. जीव असल्यासारखी.

“आता?” बुवांनी विचारलं.

“आता हलतेय.”

त्यानं गाडी शेवटची स्टँडवर घेतली आणि सवयीनं मोजलं. सैल जागी अडीच बोटं.

मग त्याची नजर एक्सलच्या नटाकडं गेली. चाक धरणाऱ्या दांड्यावर धूळ आणि ग्रीसचा थर होता, आणि त्या थरात काल इराण्णानं आवळलेल्या वॉशरची गोल, स्वच्छ कड उमटलेली होती. विश्वंभरचा वॉशर नेमका त्या कडेत जाऊन बसला होता. केसभरही इकडं नाही, तिकडं नाही.

इराण्णानंही ते पाहिलं. तो पाने गोळा करून एकेक पुसू लागला. त्यानं काहीतरी बोलावं असं विश्वंभरला फार वाटलं. एखादा टोमणा तरी.

“बरं जमलं,” विश्वंभर म्हणाला.

इराण्णानं मागं वळून पाहिलं. हे कुणाला म्हटलं ते त्याला कळलं नसावं. “काय, गुरुजी?”

“काल. काल तुझं बरं जमलं होतं.”

शब्द बाहेर आले, पण ओरखडत. इराण्णानं हातातला पाना पेटीत ठेवला.

“हां,” तो म्हणाला.

बुवांनी खिशातून किल्ली काढली. विश्वंभरनं या वेळी हात पुढं केला नाही. पण मागंही घेतला नाही, मांडीला लागून तो थोडा उघडाच राहिला. बुवा त्याच्या शेजारून पुढं गेले आणि त्यांनी किल्ली इराण्णाच्या तळहातावर ठेवली.

हे असंच होणार हे विश्वंभरला ठाऊक होतं. तरी लागायचं तेवढं लागलंच.

मग बुवा गाडीकडं गेले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले आणि सूप मांडीवर ओढलं.

“बुवा, निघायचं ना?” इराण्णानं विचारलं.

“मी नाही येत. पोट बरं नाही,” बुवा म्हणाले, आणि कच्च्या शेंगदाण्यांची मूठ त्यांनी तोंडात टाकली.

“मग?”

“तुम्ही दोघं जा. भागाबाई सकाळपासून दाराकडं डोळे लावून असेल.”

 मग इराण्णा विश्वंभरसमोर आला. त्यानं मूठ उघडली.

“गुरुजी, तुम्ही पुढं बसा ओ. मी गोणी धरून मागं बसतो. मला चालतंय.”

किल्ली समोर होती. जिच्यासाठी विश्वंभर धुतलेला सदरा घालून खुंटीखाली उभा राहिला होता, ती. ती देताना कुणी लबाडी करत नव्हतं, कुणी उपकार दाखवत नव्हतं. हात उचलायचा, एवढंच बाकी होतं.

त्यानं बुवांकडं पाहिलं. बुवा शेंग फोडत होते. किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली आणि दुसरी घेतली. त्यांचं इकडं लक्ष आहे की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

विश्वंभरचा हात उठला...

त्यानं इराण्णाची बोटं एकेक करून किल्लीवर मिटवली.

“तूच चालव. फक्त खड्डा येण्याआधी बघ.”

“बघतो, गुरुजी.”

इराण्णानं गाडी चालू केली. साळूबाईनं हात लावून गोणी त्याच्या पाठीमागं ठेवून दिली. गोणीच्या मागं हातभर जागा उरली. विश्वंभर तिथवर आला, पायटावर एक पाय ठेवला आणि तसाच थांबला. नऊ वर्षांत तो या सीटवर एकदाही बसला नव्हता. पुढं हँडल नसेल, क्लच नसेल, ब्रेक नसेल. मग हात कुठं ठेवायचे, नजर कुठं ठेवायची, काहीच त्याला ठाऊक नव्हतं. पुढं जी पाठ दिसणार होती, ती इराण्णाची.

“बुवा,” त्यानं तिथूनच विचारलं, “मागं बसून मी करू काय?”

“काही करू नकोस.”

“नुसता बसू?”

“नुसता बस,” बुवा म्हणाले. “तू बसत नाहीस तोवर ती चेन सैलच आहे.”